तीन नंबरच्या पेटीचा टुक्-टुक्

आमच्या नोकरीत दोन गोष्टी कधी संपत नाहीत, एक म्हणजे हात धुणं आणि दुसरं म्हणजे किस्से. हात निदान सुकतात तरी, किस्से मात्र साठतच राहतात. घरी सांगायला जावं तर नवरा म्हणतो, "जेवताना हॉस्पिटल नको." मग ते पोटातच राहतात आणि कधीतरी असे एकदम बाहेर पडतात.

कर्जतमधल्या एका छोट्या हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर आमचा वॉर्ड आहे. चार काचेच्या पेट्या. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं त्यांत ठेवतात. पेट्यांवर राज्य आमच्या मॅडमचं, म्हणजे बाळांच्या डॉक्टरांचं. त्यांच्या हाताखाली मी, आणि माझ्या हाताखाली खालापूरहून रोज येणारी रुबिना सिस्टर. माझा आवाज मोठा आहे असं दोघींचं मत आहे. चार बाळं आणि आठ मशिनं एकदम ओरडतात तिथे हळू बोलून ऐकू कोणाला जाणार, ते मात्र दोघी सांगत नाहीत.

मशिनांचं थोडक्यात सांगते. बाळाच्या पायाला एक पट्टी गुंडाळतो, तिच्यात लाल दिवा असतो. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते ती सांगते. छातीवर बटणाएवढा एक सेन्सर चिकटवतो, तो कार्बन डायऑक्साइड किती साठलाय ते सांगतो. हे दुसरं मशीन मॅडमनी मुंबईतल्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडून आणलं, जुनं आहे पण चालतं. पूर्वी या दोन्हींसाठी टाचेला सुई टोचून रक्त काढायला लागायचं. बाराशे ग्रॅमच्या बाळात रक्त असून असणार किती? आता टोचणं खूप कमी झालं. त्याच्या जागी आकडे आले, आणि आकड्यांबरोबर नातेवाईक आले.

*

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत तीन नंबरच्या पेटीत रंजनाचं बाळ आलं. कळंबच्या पलीकडचं गाव. सातव्या महिन्यात झालेला मुलगा, वजन बाराशे ग्रॅम. रंजनाचं आधीचं बाळ सहाव्या महिन्यातच गेलं होतं, त्यामुळे ती पेटीकडे बघायलासुद्धा घाबरायची. दारातून विचारायची, "हाय ना?" आम्ही "आहे" म्हटलं की मगच आत यायची. पहिले पंधरा दिवस तिने दुसरा प्रश्नच विचारला नाही.

तिचा नवरा विनायक टेंपो चालवतो. वीकेंडच्या रिसॉर्टांतल्या चादरी-टॉवेल धुवायला नेतो आणि आणून देतो. हा माणूस बाळाकडे बघायचाच नाही, फक्त ऑक्सिजनच्या आकड्याकडे बघायचा. फोनवर गावाला सांगायचा, "आज ब्याण्णव." गावाला काय कळायचं देव जाणे, पण पलीकडून "बरं बरं" ऐकू यायचं.

चौथ्या दिवशी आकडा शंभरला पोचला. आता, वरून ऑक्सिजन चालू असलेल्या इतक्या लहान बाळाला शंभर चांगलं नसतं, जास्तीचा ऑक्सिजन डोळ्यांना बाधतो. नव्वद ते पंच्याण्णवच्या मध्ये ठेवा, असं मॅडमनी लिहून ठेवलेलं. मी धावत जाऊन ऑक्सिजन कमी करत होते, तेवढ्यात विनायक पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात. वॉचमनपासून लॅबपर्यंत सगळ्यांना वाटून वर आला होता.

"सिस्टर," तो अगदी कळवळून म्हणाला, "आमच्या घरात पैल्यांदा कोनाला तरी शंभरपैकी शंभर पडले, आनि तुमी कमी करताय?"

डोळ्यांचं सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. पण माणूस शिकणारा. त्यानंतर आकडा शहाण्णव झाला की तो बाहेरूनच हात जोडायचा आणि म्हणायचा, "सिस्टर, जरा जास्त झाले."

*

आता त्याची आई, यमुनाआजी. ही बाई धवलारीण. म्हणजे हळदीला आणि लग्नाच्या मांडवात धवळे गाणारी, देवांना गाण्यातून बोलावणं करणारी. आमच्याकडच्या लग्नात तिच्याशिवाय पान हलत नाही, त्यामुळे सगळ्यांवर हुकूम चालवायची सवय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आणि समोर मी. पहिल्या दिवसापासून आमचं जमलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी तीन नंबरचा ऑक्सिजनचा आकडा गायब. पडद्यावर नुसत्या रेघा. रुबिनाने पट्टी सैल केली, घट्ट केली, वायर बदलली, मशीन बंद करून चालू केलं. बाळ गुलाबी, हातपाय हलवतंय, आणि मशीन म्हणतंय काहीच नाही! मॅडम आल्या, त्यांनी स्वतः पट्टी सोडली आणि बाळाचा तळवा उलटा करून बघितला.

तळव्यावर काजळाची तीट. साधी नाही, चांगली रुपयाएवढी, जाड. दिव्याचा उजेड त्या काजळातून पलीकडे जाणार कसा?

मॅडमनी आजीला बोलावलं. मी बाजूला कमरेवर हात ठेवून उभी, आता मजा येणार म्हणून. आजी जराही घाबरली नाही. ती म्हणाली, दहा दिवसांचं उघडं पोर, काचेत ठेवलेलं, येणारा-जाणारा डोळे फाडून बघतोय, आणि तीट लावायची नाही? मॅडमनी काजळ नाजूक कातडीला कसं वाईट ते समजावलं. आजीने ऐकून घेतलं, मग विचारलं, येणारी माणसं बघतात कशाकडे, पोराकडे की मशिनकडे? विनायककडे बघत मॅडमना खरं सांगावं लागलं, की मशिनकडे.

"मंग नजर त्यालाच लागनार," आजी म्हणाली, आणि पुढे जाऊन मॉनिटरच्या कोपऱ्यात बोटाने तीट लावली.

ती आजही पुसलेली नाही. स्पिरिटने पुसली तर जाईल, पण कोणी पुसत नाही. मॅडम तर नक्कीच नाहीत.

*

छातीवरच्या सेन्सरची एक गंमत आहे. तो थोडा गरम असतो, त्याशिवाय कातडीतून आकडा मिळत नाही. म्हणून दर काही तासांनी जागा बदलावी लागते, आणि उचलला की खाली लाल गोल उमटलेला दिसतो. काही तासांत जातो.

रंजनाने ते गोल पहिल्यांदा बघितले आणि ती मटकन खाली बसली. तिला वाटलं, आम्ही बाळाला डाग दिले. आमच्या भागात आजही कुठेकुठे पोट फुगलं, दम लागला की तान्ह्या बाळाला तापल्या सळीने डागतात. मॅडमचा यावर भयंकर राग. ओपीडीत असं बाळ आलं की त्यांचा आवाज खाली रस्त्यावर ऐकू जातो. त्या दिवशी त्यांनी रंजनाला शेजारी बसवून, सेन्सर तिच्याच हाताला लावून दाखवला. गरम लागतो, भाजत नाही, हे तिचं तिला कळलं.

आजी सगळं ऐकत होती. तिने पदर जरा सरकवला आणि पोटावरचा जुना चट्टा दाखवला. तिच्या आईने दिलेला, ती महिन्याची असताना.

"माज्या आयनं पन दम भरला म्हनूनच दिलेला," ती म्हणाली. "तुमचं मशीन तवा आसतं, तर ती बिचारी कशाला डागती?"

त्यानंतर ओपीडीत अशी आई आली की मॅडम आधी तिला पाणी देतात आणि मग समजावतात. आवाज अजून मोठाच असतो, पण पाणी आधी देतात.

*

मॅडमचाच एक छोटासा किस्सा. एकदा सलग दोन दिवस त्या घरी गेल्या नव्हत्या आणि खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. रुबिनाने हळूच मोठ्यांचा प्रोब, म्हणजे ऑक्सिजन मोजायचा चिमटा, त्यांच्या बोटाला लावला. आकडा आला नव्व्याण्णव. "मॅडम, ऑक्सिजन भरपूर आहे," ती म्हणाली, "म्हणजे कमी पडलाय तो चहाच." मॅडमनी डोळे न उघडता दुसरा हात कपासाठी पुढे केला.

*

आता माझी फजिती सांगते, नाहीतर म्हणाल स्वतःचं लपवते.

एका दुपारी मी फाइल लिहीत होते. आजी दारापाशी तिच्या नेहमीच्या स्टुलावर. ती म्हणाली, "बाय, आमच्या पोराचा सूर उतरला."

मी मान वर न करता तिला सांगितलं, की मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या आणि मग मला माझं काम शिकवा. अलार्म वाजला नव्हता, मशीन नेहमीसारखं टुक् टुक् करत होतं. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "आजून उतरला." मी वैतागून उठले, म्हटलं हिला आज बाहेरच बसवते. पेटीजवळ गेले तर आकडा एकोणनव्वद, आणि नाकातली नळी सरकून गालावर आलेली. मी नळी नीट केली. मग कुठे आकडा वर चढायला लागला. आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेल्यावर अलार्म वाजतो, तो अजून वाजायचाच होता.

मॅडम ऐकून हसायला लागल्या. ऑक्सिजन उतरला की त्या टुक्-टुक्चा सूरही थोडा थोडा उतरतो, मशीन तसंच बनवलेलं असतं. हे मला नर्सिंगला शिकवलं होतं. बावीस वर्षं तो आवाज ऐकून ऐकून माझ्या कानांनी तो ऐकणंच सोडून दिलं होतं.

मॅडमनी आजीची परीक्षा घेतली. आजीची पाठ पेटीकडे, मॅडमचे डोळे आकड्यावर. आजी सांगत होती, "थांबलाय... जरा चढला... आता परत खाली." एकदाही चुकली नाही. मॅडमनी विचारलं, हे कसं जमतं?

"मांडवात बारा बायका माज्यामागनं गातात," आजी म्हणाली. "येकीचा सूर हलला तरी मला कळतो. ह्यो तर येकलाच गातोय."

मला तिला सॉरी म्हणायचं होतं. ते तोंडातून निघेना, म्हणून मी तिचं स्टूल दारातून उचललं आणि तीन नंबरच्या पेटीशेजारी ठेवलं.

*

मधला एक आठवडा फार वाईट गेला. बाळाला इन्फेक्शन झालं. छातीवरच्या सेन्सरचा आकडा रोज वर चढायचा, म्हणजे बाळ थकत चाललं होतं, श्वास बाहेर टाकायलाही ताकद उरली नव्हती. शेवटी मॅडमनी त्याला श्वासाच्या मशिनवर घातलं. रंजना पुन्हा दारात थांबून विचारायला लागली, "हाय ना?" मी "आहे" म्हणायचे आणि बाथरूममध्ये जाऊन रडायचे. इतकी वर्षं झाली, पण त्याची सवय होत नाही. विनायकने गावाला फोन करणं बंद केलं. आजी मात्र स्टुलावरून हलली नाही.

आठव्या दिवशी कार्बन डायऑक्साइडचा आकडा उतरायला लागला. दोन दिवसांनी मशीन निघालं. मग मॅडमनी सांगितलं, की आता बाळाला उघड्या छातीवर झोपवायचं, आईबापाच्या उबेने त्याचा श्वास सुधारतो. रंजनाला ताप होता, म्हणून बापाला बसवा!

विनायकला घाम फुटला. पन्नास-पन्नास किलोची गाठोडी उचलणारा गडी, दीड किलोच्या पोराला हात लावायला तयार नाही. मी रागावून त्याचा शर्ट काढायला लावला, खुर्चीत बसवलं, आणि बाळ त्याच्या छातीवर ठेवून वरून चादर लपेटली. पाच मिनिटांत बाळ झोपलं. आकडे असे स्थिर झाले की मलाच मशीन अडकलं की काय वाटलं. पहिल्यांदाच विनायक आकड्याकडे बघत नव्हता.

तासाभराने त्याचा फोन वाजायला लागला. रिसॉर्टचा मॅनेजर, टॉवेल पोचले नव्हते. मी फोन त्याच्या कानाला धरला. पलीकडचा इतका ओरडत होता की मला सगळं ऐकू येत होतं. गाडी बंद पडली का, टेंपो हलत का नाही?

"सायेब," विनायक अगदी हळू आवाजात म्हणाला, "गाडी चालू हाय. पन वर मानूस झोपलाय."

*

पंचावन्नाव्या दिवशी बाळ घरी जायला निघालं. वजन दोन किलो, ऑक्सिजन बंद, नळ्या नाहीत. शेवटी मी पायाची पट्टी सोडली आणि मशीन बंद केलं. टुक्-टुक् थांबला. पंचावन्न दिवसांत त्या कोपऱ्यात पहिल्यांदा शांतता झाली आणि रंजनाचा चेहरा पांढरा पडला.

"सिस्टर, आता कळनार कसं?" ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. ओठांचा रंग बघायचा, छाती हलते का बघायची, दूध ओढतो का बघायचं. ती मान हलवत होती, पण तिचं लक्ष बंद पडद्याकडे होतं. मलाच वाईट वाटलं. आपणच माणसाला आकड्यांची सवय लावतो आणि एके दिवशी काढून घेतो. मी कागदावर वॉर्डचा मोबाइल नंबर लिहून दिला आणि म्हटलं, कधीही लाव.

*

फोन आला चौथ्या दिवशी, दुपारी तीन वाजता, आणि आला आजीचा. बाळ दिवसा झोपतच नाही. जन्मापासून कानाशी मशीन वाजत होतं, घरातल्या शांततेत ते दचकून उठतं. त्याची आई छाती हलते का बघत बसते, ना जेवते ना झोपते. आजीने सगळे धवळे गाऊन बघितले, अगदी हळदीपासून वरातीपर्यंत. मग तिच्या डोक्यात आलं ते सरळ सांगितलं, "बाय, त्याला तुमचं मशीन ऐकीव."

मी भडकले. हा दवाखाना आहे की रेडिओ, असंही बोलले. आणि मग मोबाइल एक नंबरच्या पेटीच्या मॉनिटरजवळ धरून उभी राहिले. दोन-तीन मिनिटं झाली. आजी हळूच म्हणाली, "झोपला. त्याची आय पन झोपली."

तेव्हापासून रोज तीनला फोन. मी नसले की रुबिना धरायची. मॅडमनी कधी काही विचारलं नाही, पण एकदा फोनला उशीर झाला तर घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "आज आजींचा नाही आला?"

एके दिवशी तीन वाजता वॉर्डात मी एकटीच होते. एक आणि तीन नंबर रिकाम्या, चारमधलं बाळ खाली तपासणीला नेलेलं. दोन नंबरमध्ये शेलूची एक मुलगी होती, दोन दिवसांची. तिची आई ऑपरेशन होऊन खाली पडून, बाप औषधं आणायला गेलेला. तिच्याजवळ कोणी नव्हतं. आजीचा फोन आला तसा मी मोबाइल तिच्या मॉनिटरजवळ धरला आणि दुसऱ्या हाताने औषधांची यादी तपासायला घेतली.

आजी नेहमी गप्प ऐकते. त्या दिवशी थोड्या वेळाने तिचा आवाज आला.

"बाय, ही कोन गं? नवी हाय?"

मी म्हटलं, "हो, परवाची मुलगी."

"तिचा सूर उतरतोय. फोन ठिव आनि आदी तिच्याकडं बघ."

अलार्म वाजला नव्हता. या वेळी मी उलट बोलले नाही. फोन तसाच चालू ठेवून टेबलावर टाकला आणि वळले. आकडा नव्वद. मान पुढे कलंडून हनुवटी छातीला टेकली होती, श्वासाची वाट दाबली गेली होती. पेटीच्या खिडकीतून हात घालून मान सरळ केली, खांद्यांखाली कापडाची घडी सरकवली, पाठीवरून बोट फिरवलं. एकोणनव्वद. नव्वद. मी श्वास धरून उभी. ब्याण्णव. चौऱ्याण्णव. आकडा चौऱ्याण्णववर थांबला. ओठ गुलाबी झाले, तिने मूठ उघडली आणि मिटली.

हात धुतले, फाइलमध्ये वेळ लिहिली, आणि मग टेबलावरचा फोन आठवला. किती मिनिटं झाली होती कोण जाणे. उचलून कानाला लावला तर चालूच होता. पलीकडे कोंबडीचा आवाज, आणि कोणीतरी अंगणात भांडं ठेवल्याचा.

"आजी?" मी म्हटलं. "अजून आहात? झोपला नाही का तो?"

"त्यो कवाच झोपला," आजी म्हणाली. "मी हिच्यासाटी थांबले हुते. चढला आता सूर. ठिवते."